संपादन दाबल्यावर दिसणाऱ्या ओळी

मला फोन करायची भीती वाटते. अनोळखी माणसाला करायचा असेल तर आधी कागदावर वाक्यं लिहून ठेवते. ओळखीच्या माणसाला करायचा असेल तर त्याने उचलू नये अशी मनात प्रार्थना करते. त्यामुळे ज्या कामात कुणाशी बोलावं लागत नाही ते काम मला आपोआप आवडतं. तासगावकडच्या द्राक्षबागायतदारांच्या विकीची साफसफाई मी अंगावर घेतली ती यामुळेच.

विकी म्हणजे अशी वेबसाइट, जिथे कुणीही लिहू शकतं आणि दुसऱ्याने लिहिलेलं कुणीही दुरुस्त करू शकतं. माझ्या मावशीच्या गावातल्या एका तरुण बागायतदाराने ती आपल्या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांसाठी सुरू केली होती. त्यांना सगळे दादा म्हणतात, मीही म्हणते. छाटणीनंतर काय करायचं, पानावर डाग आले तर काय बघायचं, बेदाण्याची शेड कशी उभारायची, अशी बरीच पानं त्यात साठली होती. लोक बांधावर बसून, ट्रॅक्टरवर बसून फोनवरून लिहायचे. विषय त्यांना चोख माहीत होता, पण पान कसं दिसतं याच्याशी कुणाला देणंघेणं नव्हतं. कुणाला लाल रंग आवडायचा. कुणी ठळक अक्षरांच्या आत पुन्हा ठळक अक्षरं करायचं आणि तिसऱ्याच ठिकाणी बंद करायचं, मग तिथून खालचं अख्खं पान जाड होऊन बसायचं. कुणी वर्डच्या फाइलमधून उचलून चिकटवायचं, त्याबरोबर त्या फाइलचा अदृश्य कचराही यायचा. तक्ते तर फोनच्या पडद्याबाहेर पार विट्यापर्यंत जायचे.

"तुला कंप्युटरमधलं कळतंय न्हवं?" मावशी मला एकदा म्हणाली होती. "मग त्या पानांची तेवढी घाण काढ की. वाचून वाचून डोळं दुखत्यात माझं."

मावशी म्हणजे माझ्या आईची धाकटी बहीण. काका फौजेत आहेत, वर्षातून एकदा येतात. आतापर्यंत बाग मावशी बघायची आणि द्राक्षं व्यापाऱ्याला जायची. या वर्षी तिने पहिल्यांदा स्वतःची बेदाण्याची शेड उभी केली होती. शिकवायला घरात कुणी नव्हतं, म्हणून ती विकीची पानं पोथीसारखी वाचायची.

मी साताऱ्यात राहते. घरूनच एका कंपनीचं काम करते. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मला येतं, पण बोलायला लागले की समोरचा माणूस जरा थांबून माझ्याकडे बघतो. मावशीच्या गावात तर बायका तोंडाला पदर लावून हसतात. एकदा मी तिथल्या एका आजींना "आपण जेवलात का?" असं विचारलं, तर त्या इकडेतिकडे बघत म्हणाल्या, "माज्याबरुबर अजून कोन हाय व्हय?" तेव्हापासून मी त्या गावात फारसं बोलत नाही. ऐकते.

दादांनी मला विकीवर परवानगी दिली आणि मी बॉट लिहायला घेतला. बॉट म्हणजे एक छोटा प्रोग्राम, जो एकेक पान उघडतो, ठरवून दिलेल्या नियमांप्रमाणे खुणा नीट करतो आणि पान बंद करून पुढच्यावर जातो. न बंद केलेलं ठळक अक्षर बंद करायचं, रंग काढायचे, दोन ओळींत एकच मोकळी ओळ ठेवायची, तक्ते फोनच्या रुंदीत बसवायचे. आणि एक नियम झाकलेल्या मजकुराचा. विकीत असा मजकूर लिहिता येतो की जो वाचताना दिसत नाही, 'संपादन' दाबलं तरच दिसतो. मी ज्या पानांवर चाचणी घेतली त्यांत असा मजकूर भरपूर होता आणि सगळा वर्डमधून आलेला कचरा होता. फॉन्टची नावं, समासाची मापं. मी नियम लिहिला: झाकलेलं सगळं काढून टाक.

चाचणीची ती पानं मातीवरची होती, एका शिक्षकांनी चिकटवलेली. मी दुसरी बघायला हवी होती हे आता कळतं. पण खरं म्हणजे मी पानं वाचतच नव्हते. मराठी मजकूर माझ्या डोळ्यांखालून राखाडी पट्ट्यांसारखा जायचा. मला दिसायचे फक्त कंस, चौकोन, टोकदार खुणा.

शनिवारी सकाळी मी बॉट सोडला. तो चालू असताना मी खुर्चीत पाय वर घेऊन नखं खात बसले होते. एकही पान मोडलं नाही. दुपारी दादांनी ग्रुपवर लिहिलं, "सगळ्यांनी पानं उघडून बघा, आपल्या सातारच्या ताईंनी चकाचक केल्यात." मग अंगठे आले, टाळ्या आल्या, कुणीतरी "लय भारी" लिहिलं. मी ग्रुप उघडून वाचायचे, बंद करायचे, पुन्हा उघडायचे. 

संध्याकाळी मावशीचा फोन आला. ती खुशीत होती.

"बाई बाई बाई, काय सुंदर केलंयस गं! उद्या मालाला गंधकाची धुरी द्यायचीय ना, तर आबांचं धुरीचं पान पयल्यांदाच काढून बसले. एका दमात वाचून झालं. आतबी बघितलं. आत काय न्हाई, सगळं मोकळं हाय. मग म्हटलं, चला, आबांचं बरोबर हाय तर."

मला वाटलं, आत म्हणजे पानाच्या खालच्या भागात. मी "हो का? छान," असं काहीतरी म्हणाले.

आबा म्हणजे मावशीच्या शेडशेजारी राहणारे म्हातारे बागायतदार. त्या भागात पहिल्यांदा बेदाणा केलेल्यांपैकी ते एक. विकी सुरू झाली तेव्हा ते बोलायचे आणि त्यांची सून फोनवर उतरवून घ्यायची. त्यांच्या ओळींखाली 'आबा' एवढंच लिहिलेलं असायचं. बेदाण्याच्या पानांवर निम्म्याहून जास्त ओळी त्यांच्याच होत्या.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर मी सहज बॉटची नोंद उघडली. कुठल्या पानावरून काय काढलं हे बॉट लिहून ठेवतो. फॉन्टची नावं, समासाची मापं, फॉन्टची नावं. मी खाली सरकत गेले. मध्येच एक ओळ आली ती देवनागरीत होती.

"आबा म्हणतात तेवढं पाणी दिलं तर मुळं कुजतील. निम्मं द्या."

मी थांबले. थोडं खाली दुसरी: "हे आबांच्या वेळचं आहे. आताच्या वाणाला चालत नाही." तिसरी: "आबांना वाईट वाटेल म्हणून वर लिहीत नाही, पण असं करू नये." मग एकामागून एक. वेगवेगळ्या लोकांनी लिहिलेल्या, कितीतरी महिन्यांच्या, सगळ्या आबांच्या ओळींना चिकटून, सगळ्या झाकलेल्या. आणि सगळ्या मी काढून टाकलेल्या.

 मावशीची धुरी आजच होती. मी नोंदीत 'धुरी' शोधलं.

"आबांच्या शेडला गोणपाटाचे पडदे होते, धूर झिरपून जायचा. प्लास्टिकचा पडदा असेल तर धुरी दिल्यावर सकाळपर्यंत कुणीही आत जाऊ नये. आमच्याकडे एक माणूस बेशुद्ध पडला होता."

आणि पानावर, माझ्या बॉटने चकाचक केलेल्या पानावर, मोठ्या सुबक अक्षरांत आबांची ओळ एकटी उभी होती: गंधकाची धुरी दिल्यावर घटकाभराने आत जाऊन माल हलवावा.

मावशीच्या शेडला प्लास्टिक होतं. निळं. तिने मला फोटो पाठवला होता.

आधी मी पानं परत आणली. विकीत प्रत्येक पानाचा इतिहास असतो, जुनं पान एका बटणावर परत येतं. पण ते काम करत असतानाच कळत होतं की त्याचा काही उपयोग नाही. मावशीने काल जे वाचलं ते मला परत आणता येणार नव्हतं.

मी मावशीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. शेडवर जाताना ती फोन घरात ठेवून जाते, द्राक्षाच्या रसाने चिकट होतो म्हणून. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. समोर चहाचा कप होता, त्यावर साय धरली होती. आई आतून म्हणाली, "कुणाला एवढे फोन करतेयस तू?" तिच्या आवाजात खरोखरचं आश्चर्य होतं.

मग मी दादांना फोन केला. वाक्यं लिहून न ठेवता. मागे भांड्यांचा आणि माणसांचा गलका ऐकू येत होता.

"दादा, झाकलेल्या ओळी काय आहेत? आबांच्या शेजारी?"

"आतल्या व्हय? त्या आपल्या दुरुस्त्या." ते अगदी सहज म्हणाले. "आता आबांनी लिवलेलं कोण खोडणार? वडीलधारी माणूस. मग आमी आत लिवतो. ज्याला करायचं त्यो संपादन दाबून बघतो. आत काय नसलं म्हंजे आबांचं बरोबर."

"मला कुणी सांगितलं नाही."

"सांगायचं काय त्यात? सगळ्यांना ठावं हाय."

मी त्यांना काय झालं ते सांगितलं. गलक्यातून ते बाहेर आले असावेत, कारण मागचा आवाज एकदम बंद झाला.

"मी विट्यात हाय, पाव्हण्यांत. आलो तरी येळ लागंल." मग घाईने म्हणाले, "आबांना लाव फोन. त्यांचं घर शेडला लागून हाय. ते फोन उचलत्यात कायम."

"पण ओळ त्यांचीच आहे ना."

"व्हय की," दादा म्हणाले.

"तुम्ही लावा ना, दादा."

"मी? नगं नगं. आतली ती धुरीची ओळ माजीच हाय. मला आबा गावात राहू द्यायचं न्हाईत. तू लांबची हायस. तुला काय करणार हायत?"

बागेवर औषध मारताना वाऱ्याच्या उलट उभा राहणारा माणूस हा, आणि आबांना घाबरत होता. त्यांनी नंबर पाठवला.

मी तो नंबर बघत किती वेळ बसले माहीत नाही. फार नसेल. पण त्या वेळात मी मनातल्या मनात सगळं करून पाहिलं. बस पकडून जावं, तर पोचेपर्यंत संध्याकाळ. आबांना संदेश पाठवावा, तर ते वाचणार कधी. एक युक्ती सुचली: आबांना फक्त एवढंच सांगायचं की मावशीला जरा फोनवर बोलवा. ओळीचं काही बोलायचंच नाही. मला इतकं हलकं वाटलं की मी लगेच नंबर लावला.

एका रिंगमध्ये उचलला.

"कोण?"

"नमस्कार आबा. मी साताऱ्याहून बोलतेय. आपण कृपया माझ्या मावशीला फोनवर यायला सांगाल का?"

"कोण बोलतंय? बातम्यातनं बोलतीस काय?"

मी ओळख सांगितली.

"आगं, तू व्हय! ती कामात हाय. धुरी लावलीय मघाशी. आता मीच सांगून आलोय, घटकाभरानं आत जा आन् माल हलव. झाली की घटका. काय निरोप हाय, मला सांग, मी देतो रातीला."

 त्या क्षणी मला खरंच वाटलं की फोन ठेवून द्यावा. ते माझं नेहमीचं आहे, बोलायची वेळ आली की माझ्यातली कुणीतरी उठून खोलीबाहेर निघून जाते.

"आबा, मावशीला आत जाऊ देऊ नका."

"का?"

"ती ओळ चुकीची आहे."

"कुठली?"

"तुमची."

 मी बोलत सुटले, कारण थांबले असते तर पुन्हा सुरू झाले नसते. "तुमच्या शेडला गोणपाट होतं. मावशीच्या शेडला प्लास्टिक आहे. धूर बाहेर जातच नाही. आत गेलेलं माणूस पडेल. एक पडलंय आधी."

"हे तुला कुणी सांगितलं?"

"लिहिलेलं होतं. तुमच्या ओळीशेजारी. आत. तुम्हाला दिसू नये म्हणून."

ते वाक्य तोंडातून गेलं आणि मला कळलं की आता दादांचं, ग्रुपचं, सगळ्यांचंच मी उघडं केलं.  आबांनी फोन ठेवला नाही. चपला ऐकू आल्या, मग फाटकाची कडी. फोन त्यांनी खिशात टाकला असणार, कारण कापड घासल्याचा आवाज मोठा झाला आणि बाकी सगळं लांब गेलं. ते धापा टाकत होते. त्यांच्या वयाच्या माणसाला मी पळायला लावलंय, हा एक नवीनच घोर लागला.

"ए बाई! आत कोण हाय?"

"आवं काय झालं आबा?" ही मावशी. मावशी बाहेर आहे. मी डोळे मिटले.

"आत कोण हाय म्हंतो!"

"आत्ताच कामावरची एक बाई गेलीया, जाळीवरचा माल हलवायला..."

"काढ तिला भाईर! पडदा काढ! सगळा काढ, फाड त्यो!"

मग नुसता गोंधळ. प्लास्टिक ओढल्याचा फडफडाट, बायकांचे आवाज, आणि एक खोकला. तो खोकला थांबतच नव्हता. आणि मग कॉल तुटला. खिशात कुठेतरी बटण दाबलं गेलं असेल.

मी परत लावला नाही. लावायची हिंमत नव्हती. आई येऊन शेजारी उभी राहिली, काय झालं म्हणाली. खिडकीतून किल्ल्याचा डोंगर नेहमीसारखा दिसत होता, त्यावर कुणाचीतरी लाल ओढणी वर वर चढत होती, आणि मी ती ओढणी नजरेआड होईपर्यंत बघत राहिले.

मावशीचाच फोन आला.

"बरी हाय ती," पहिलं वाक्य ती तेच बोलली. "डोळ्यांतनं पाण्याच्या धारा लागल्यात आन् खोकतीया, पर चालत आली भाईर. तासगावला डॉक्टरकडं न्हेतोय, उगं नगं घोर. मी जाणारच हुते तिच्या मागनं." मग जरा थांबून, "आगं, आबांशी तू बोललीस? तू?"

"हो."

"काय बोललीस त्यांना? तवापासनं कट्ट्यावर बसल्यात. कुणाशी बोलंनात."

त्या बाईला डॉक्टरांनी संध्याकाळी घरी सोडलं. दुसऱ्या दिवशी ती बरी होती, मावशीने तिच्याशी माझं बोलणंही करून दिलं. ती मलाच म्हणाली, "तुमी नका वाईट वाटून घिऊ ताई."  ग्रुपवर मात्र आठवडाभर सामसूम होती. दादांनी फक्त एकदा विचारलं, "आबांना नक्की काय काय सांगितलंत?" ते मला एरवी अगं-तुगं करतात.

शुक्रवारी आबांचा निरोप आला, मावशीकरवी. मी येऊन त्यांना आतलं सगळं वाचून दाखवावं. सगळं.

मी गेले. कंदी पेढे घेतले होते, दुसरं काय घ्यावं ते सुचलं नाही. बसमध्ये कराडपर्यंत मी ठरवत होते की काही ओळी गाळायच्या, आणि विट्यापर्यंत, की गाळायच्या नाहीत.

आबांच्या कट्ट्यावर मी लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. आबा खाटेवर. दादा आले होते, खांबाला टेकून जमिनीकडे बघत उभे. मावशी आत सुनेबरोबर चहा करत होती. मी वाचायला लागले. आधी आबांची ओळ, मग तिच्या आतली. माझा आवाज मलाच परका वाटत होता. पाण्याचं, मुळांचं, वाणाचं. आबांचा चेहरा हलत नव्हता. "आबांना वाईट वाटेल म्हणून वर लिहीत नाही" हे वाचताना मी अडखळले, तर ते म्हणाले, "वाच, वाच. थांबू नगं."

एक ओळ अशी होती: "आबांचं एकदम बरोबर. मी उलटं करून बघितलं, तोंडावर पडलो."

"ही परत वाच," आबा म्हणाले.

मी परत वाचली.

"हे कुणी लिवलंय?"

इतिहासात सगळी नावं होती, कुणी केव्हा काय लिहिलं. मी मान खाली घातली. "ते मला सांगता येणार नाही, आबा."

 ते दादांकडे वळले. "आन् कुणी एकानं तरी तोंडावर सांगायचं हुतं का न्हाई? सांगितलं असतं तर काय खाल्लं असतं व्हय मी?"

"खाल्लं असतं की!" मावशी आतून म्हणाली.

सून हसली, मग एकदम गप्प झाली. आबा हसले नाहीत. दादांच्या खांद्यांवरून मात्र ते हसू दाबत असल्याचं दिसत होतं, आणि मला भीती वाटली की आता ते फुटणार.

चहा आला. आबांनी बशीत ओतला, पण ते प्यायले नाहीत. "ती धुरीची माजी ओळ काढून टाक," ते म्हणाले.

मी काढायला बोट उचललं आणि थांबले. ती काढली असती तर दादांची ओळ कशाला चिकटून आहे तेच कळलं नसतं. "काढू नये असं मला वाटतं," मी म्हणाले. दिवसभरात माझं म्हणून बोललेलं ते पहिलं वाक्य. "गोणपाटाच्या शेडी अजून आहेत काही. तिथे ती बरोबरच आहे. खाली प्लास्टिकचं लिहू. वरच. दिसेल असं."

आबा चहा प्यायले. बशी खाली ठेवली.

"लिव," ते म्हणाले. "पर माज्या नावानं लिव."

मी दादांकडे पाहिलं. ती दुरुस्ती त्यांची होती. बेशुद्ध पडलेला माणूसही त्यांच्याच शेडवरचा होता. त्यांनी खांबाची माती नखाने खरवडली आणि मान हलवली. मी लिहिलं. प्लास्टिकचा पडदा असेल तर धुरी दिल्यावर सकाळपर्यंत कुणीही आत जाऊ नये. खाली: आबा. आबांनी ते मला दोनदा वाचायला लावलं.

निघताना ते म्हणाले, "तू फोनवर चांगली बोलतीस. बातम्यावानी, पर चांगली." 

बॉटचा तो नियम मी बदलला आणि बॉट पुन्हा सगळ्या पानांवर सोडला. आता तो झाकलेलं काही काढत नाही. कचरा असेल तर बाजूला काढून ठेवतो, आणि माणसाने लिहिलेलं असेल तर मला दाखवतो. मग मला लिहिणाऱ्याला विचारावं लागतं, हे वर आणू का? संदेशाला कुणी उत्तर देत नाही, त्यामुळे फोन करावा लागतो. कोण काय म्हणतं हे आता पाठ झालंय. "ऱ्हाऊ दे की आतच." "आबांनी विचारलं तर माजं नाव सांगू नगासा." दर वेळी नंबर लावण्याआधी मी पाणी पिते. भीती कमी झालेली नाही, तिला फक्त वेळ देता येत नाही.

विकीवर माझंही एक पान आहे. 'पानं कशी लिहावीत' असं. रंग वापरू नका, तक्ता असा करा, शीर्षक तसं करा. मध्यंतरी बॉट त्या पानावर थांबला. मी म्हटलं, माझ्या पानावर झाकलेलं काय असणार? मी तर काही झाकलं नव्हतं. तक्त्यांच्या नियमाशेजारी एक ओळ होती.

"ताईंनी तक्ते अरुंद केलेत ते दिसायला चांगलं आहे, पण आमच्या साध्या फोनवर शेवटचा रकाना दिसतच नाही. ताईंना बोलू नका."

मी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. शेवटच्या रकान्यात बहुतेक पानांवर प्रमाण असतं, कशात किती घालायचं ते. म्हणजे कितीतरी दिवस कुणाला तरी प्रमाण दिसत नव्हतं, आणि ते मला सांगण्याऐवजी आत लिहून मोकळे झाले होते. दादांना फोन केला, तक्ते नीट दिसतायत ना विचारलं. "छे छे, लय भारी झाल्यात," दादा म्हणाले. मावशीला विचारलं. "मला तर काय अडचण न्हाई बाई," मावशी म्हणाली, जरा घाईनेच.

मी इतिहास उघडला असता तर नाव दिसलं असतं. उघडला नाही. लिहिणारी मावशीच निघाली असती तर मला काय करावं ते कळलं नसतं.

मी आईचा जुना फोन मागून घेतला आणि त्यावर प्रत्येक तक्ता उघडून बघितला. शेवटचा रकाना खरंच दिसत नव्हता. सगळे तक्ते दुरुस्त करून झाल्यावर, माझ्या पानावर त्या ओळीच्या जागी मी उघडपणे लिहिलं: शेवटचा रकाना साध्या फोनवर दिसत नव्हता. ज्यांनी सांगितलं त्यांचे आभार. पुढच्या वेळी मला समोर सांगितलं तरी चालेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, उगाच, मी त्या पानावर संपादन दाबलं. माझ्या वाक्याला चिकटून, आत, कुणीतरी लिहून ठेवलं होतं: "बरं."